भिंतीवरची शिवणवाली

भर आठवड्यात औषधांच्या दुकानाला कुलूप लागलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी लागलं. औषधवाल्या बाई आणि त्यांचे यजमान, जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवून आता घरी बसलेले ड्रायव्हर, सकाळच्या पहिल्या गाडीनं मोठ्या शहरात गेले. शहर बघायला चाललोय, असं त्यांनी शेजारी सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी, घरात लाडानं बिट्टी, भिंतींवर चित्रं काढायची. लहानपणापासून तिला दमा. आईनं रात्ररात्र उशाशी बसून, तिच्या छातीतली शिट्टी ऐकत तिला वाढवलं होतं. पुढे दुकान तिनंच चालवायचं, हे घरात ठरून गेलं होतं. पण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला तिनं औषधशास्त्र सोडलं आणि रंगाचे डबे घेऊन परांचीवर, म्हणजे बांधकामाच्या बांबूंच्या पहाडावर, चढायला लागली. आईनं आधी समजावलं, मग अबोला धरला आणि शेवटी एके दिवशी तोल गेला. "त्या रंगाच्या वासानं जीव जाईल तुझा. भिंतीच रंगवायच्या असतील तर या घराला तोंड दाखवू नकोस." बिट्टी आईसारखीच हट्टी. तिनं तो शब्द पाळला. वडिलांना अधूनमधून फोन करायची, पण कुठे राहतेस, काय खातेस विचारलं की विषय बदलायची.

मागच्या वर्षी एका परक्या गावात, भाड्याच्या खोलीत, दम्याच्या झटक्यानं ती गेली. आईचंच खरं झालं. त्या खरेपणाचं आता काय करायचं, ते बाईंना कळत नव्हतं. दुकानात कुणी दम्याचा पंप मागितला की त्या तो काढून देत आणि आत जाऊन उभ्या राहत.

अंत्यविधीला आलेल्या तिच्या कामातल्या जोडीदारणीनं सांगितलं होतं, की बिट्टीची सगळ्यात मोठी भिंत अमक्या शहराच्या जुन्या वस्तीत आहे, लोक मुद्दाम बघायला जातात. ते ऐकून वर्ष गेलं. मग एक दिवस जेवताना बाई आपणहून म्हणाल्या, "जाऊन येऊ या."

त्या शहरात पुतळे-भिंती दाखवणारी पायी फेरी असते. पिवळी छत्री उंच धरून एक तरतरीत मुलगी पुढे चालत होती आणि पाहुणे तिच्या मागे. स्टेशनसमोरचा भंगाराच्या लोखंडाचा घोडा तिनं दाखवला, बाजाराच्या चौकातला, दोनदा नाक बदललेला दगडी नगरशेठ दाखवला. ड्रायव्हर एरवी अशा ठिकाणी गप्प बसणारे नव्हते. घोड्याला ब्रेक कुठून लावायचा, एवढं त्यांनी विचारलं, लोक हसले, आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. बाईंचं कशातच लक्ष नव्हतं. पुढचं वळण तेच का, एवढंच त्या बघत होत्या.

जुनी वस्ती कापड रंगवणाऱ्यांची होती. एकमेकांच्या खांद्यावर रेललेली घरं, ठेंगणी दारं, फरसबंदीत अजून निळसर दिसणाऱ्या पन्हाळी. शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी छत्रीवाली थांबली आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

तीन मजली भिंत. शिलाई मशीनवर वाकलेली एक बाई, आणि मशीनमधून निघालेलं निळं कापड खाली वाहत वाहत पार जमिनीपर्यंत आलेलं. बाईच्या तोंडात टाचण्या, एक डोळा किंचित मिटलेला, सुईवर. सगळी वस्ती त्या कापडाच्या घड्यांमध्ये होती. जिने, खिडक्या, मांजरं, वाळत टाकलेले कपडे.

औषधवाल्या बाई घडी न् घडी निरखू लागल्या. कुठे दुकानाचं काउंटर, कुठे आपल्या अंगणातली पायरी, आपली नाकाची ठेवण, निदान आपला चष्मा. वरून खाली, खालून वर. काही नव्हतं. त्यांच्या घरातलं तिथे काहीच नव्हतं. फक्त तळाशी, कोपऱ्यात, सही होती: बिट्टी. छत्रीवाली म्हणाली, की चित्रकार मुलगी वर्षभर इथेच राहिली, मग दुसरीकडे कामाला गेली, या सहीचा अर्थ मात्र कुणाला माहीत नाही. ड्रायव्हरनी खाली वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ते नाव त्यांनीच ठेवलेलं होतं.

चित्रातली बाई समोरच्या दुकानात खरीखुरी बसलेली होती. लोकांनी तिचे फोटो काढले, तिनं सवयीनं काढू दिले, आणि छत्री पुढे निघाली. हे दोघं मागे राहिले. म्हातारी माणसं उन्हात उभी आहेत असं बघून शिवणवालीनं त्यांना आत बोलावलं, कापडाचे तुकडे बाजूला सारून बाकावर बसवलं, पाणी दिलं.

मग ती भिंतीबद्दल बोलू लागली, जशी सगळ्यांशी बोलत असणार. पोरगी इथेच, या माळ्यावर झोपायची. कामाला लागली की जेवणाची शुद्ध नसायची, खालून हाका मारमारून घसा बसायचा. हाताला रंग म्हणून कितीदा आपणच घास भरवला. "आई नव्हती हो बिचारीला. लहानपणीच गेली, म्हणायची. मग काय, झाले मी आई." ती हसली आणि बोलता बोलता थबकली. बाईंकडे निरखून बघू लागली. "डोळे अगदी तिचे आहेत तुमचे. कोण तुम्ही तिच्या?"

ड्रायव्हरनी तोंड उघडलं. त्याआधीच बाई म्हणाल्या, "मावशी. हे माझे यजमान."

शिवणवालीला कोण आनंद झाला. मावशी म्हणजे घरचंच माणूस. कशी आहे ती, एवढ्यात फोन का नाही, येऊ दे, कानच उपटते, असं ती भराभर बोलत सुटली. बाईंनी तिचा हात धरला. सांगावं लागलंच.

"ती गेली. मागच्या वर्षी. दम्यानं."

 शिवणवाली मशीनवर डोकं टेकून रडायला लागली. अशी, की शेजारचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला. औषधवाल्या बाई उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. शेवटी शेवटी फार पंप ओढायची, शिवणवाली हुंदक्यांतून सांगत होती. मी म्हणायचे डॉक्टरला दाखव, ती म्हणायची सवय आहे मला. मला अडाणीला काय कळणार, किती ओढायचा न् किती नाही.

"पंप कुठल्या रंगाचा होता?" बाईंनी विचारलं.

निळा. कायम निळाच.  निळा पंप तेवढ्यापुरता श्वास मोकळा करतो. आजार आटोक्यात ठेवणारा दुसरा, रोज न चुकता घ्यायचा. तो बाई तिला सकाळी दात घासायच्या आधी स्वतः द्यायच्या. घर सुटलं आणि तोही सुटला.

शिवणवालीनं पदरानं तोंड पुसलं. "एका परीनं बरंच झालं, तिची आई हे बघायला उरली नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

"पण वडील? वडिलांचं फार नाव काढायची. माझे बाबा डोळे मिटून घाटात गाडी घालतात, म्हणायची. त्यांनी कसं सोसलं असेल हो? बरे आहेत ना ते?"

बाईंचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. त्यांनी यजमानांकडे बघितलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"बरे आहेत," ड्रायव्हर म्हणाले. "घरीच असतात आता."

जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाही. निघताना दोघांच्या पाया पडली, वडिलांनाही एकदा घेऊन या म्हणाली. हे दोघं थांब्यावर येऊन बसले. एक बस आली नि गेली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"बिट्टीनं मला मारूनच टाकलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तिचं बोलणं खोटं कशाला पाडू. पण तुम्ही तर जिवंत होतात. तुम्ही सांगायचं होतंत."

"मी बाप आहे म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर त्या शिवणवालीच्या लेखी तू कोण ठरली असतीस?"

तेव्हा बाई रडल्या. वर्षभरात पहिल्यांदा, भर रस्त्यात, लोक वळून बघत असताना. ड्रायव्हरनी त्यांचा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला आणि येणाऱ्या बसला हातानंच पुढे जायची खूण केली.