फुलरांच्या कुळाची थोरवी

मूठभर अक्षता घेऊन मी माइकपाशी उभी राहिले तेव्हा माझ्याकडे दोन मंगलाष्टकं तयार होती. एक गोड, आणि एक खास श्यामलाताईंसाठी.

मेडनहेडला नदीकाठच्या हॉटेलात त्यांच्या देवयानीचं लग्न लागत होतं. नवरा टॉम फुलर, उंचाड्या, शेरवानीत घामाघूम झालेला. आमच्या ईलिंगच्या मंडळात मंगलाष्टकं रचण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, म्हणून श्यामलाताईंनी स्वतः फोन केला होता. "सीमा, दोन्ही कुळांची थोरवी येऊ दे हं. फुलर म्हणजे जुनं घराणं आहे. चौदाव्या शतकापासूनचे रेकॉर्ड्स आहेत त्यांचे!"

थोरवी! हिला मी थोरवी लिहून देऊ?

काही वर्षांपूर्वी हीच देवयानी माझ्या समरशी लग्न करायला निघाली होती. दोघं ग्लासगोला बरोबर शिकत होती. मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर श्यामलाताईंनी मला हॉलच्या किचनमध्ये गाठलं आणि प्रसादाचे द्रोण भरता भरता म्हणाल्या, "समर गुणी आहे गं. पण परीट आडनाव... तूच सांग."

"इथे इंग्लंडात कोणाला कळतंय?" मी म्हटलं.

"इंग्रजांना नाही कळत. आपल्या लोकांना कळतं ना."

आणि मी काय केलं? द्रोण भरत राहिले. तेच मला अजून झोंबतं. देवयानी थोडे दिवस रडली आणि मग तिने आईचं ऐकलं. त्याच वर्षी समरने रीतसर डीड पोल, म्हणजे नाव बदलायचा कायदेशीर कागद, करून परीट हे आडनाव टाकून दिलं आणि त्या जागी वडिलांचं नाव लावलं. डॉक्टर समर अतुल. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बोलायला इझी आहे ना, आई."

मी कौन्सिलच्या पार्किंग विभागात काम करते. दंड माफ करा म्हणून लोक अपिलं पाठवतात, मी ती वाचते आणि बहुतेक फेटाळते. मनात धरून ठेवणं मला छान जमतं. लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी फुलर म्हणजे काय ते शोधून काढलं आणि स्वयंपाकघरात एकटीच खदखदून हसले. मग ते सगळं वृत्तात बसवलं.

माझी पाळी आली. देवयानीने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिचे डोळे भरून आले. पोरीने ऐन वेळी बघायला नको होतं. मी गोड कडवं म्हटलं, अक्षता टाकल्या आणि खाली उतरले. माझा नवरा, अतुल, म्हणाला, "छान झालं." मी त्याला खाऊ की गिळू करून पाहिलं.

जेवणं होत आली तेव्हा टॉमचे वडील हातात ग्लास घेऊन उभे राहिले. गुरांचे निवृत्त डॉक्टर, लालबुंद चेहरा, मोठा आवाज.

"आमच्या सूनबाईंना आता सत्य सांगायलाच हवं," ते म्हणाले. "फुलर म्हणजे काय? तर लोकांनी विणलेलं लोकरीचं कापड धुऊन घट्ट करून देणारा. ते कसं करायचे? शिळ्या मुतात बुडवायचे आणि अनवाणी पायांनी दिवसभर तुडवायचे! आम्ही दक्षिणेत फुलर झालो, पश्चिमेकडे तेच काम करणारे टकर झाले, उत्तरेत वॉकर. पुढे पाणचक्क्या आल्या, तुडवणं गेलं, नाव तेवढं राहिलं. तेव्हा देवयानी, टॉमच्या पायांना वास आला तर नाक मुरडू नकोस. खानदानी आहे तो!"

हॉल हसून लोळला. टॉमने बूट वर करून दाखवला. सगळ्यात मोठ्याने हसत होत्या श्यामलाताई. टाळ्या वाजवत, डोळे पुसत.

माझ्या अंगाची आग आग झाली. माझं हत्यार त्या माणसाने स्वतःच काढून हवेत उडवलं होतं. त्यांचं मूत विनोदाचं, आणि आमचं साबणाचं पाणी विटाळाचं!

तेवढ्यात वाढणाऱ्याचा धक्का लागून श्यामलाताईंच्या पैठणीवर आमटी सांडली. मोतिया रंगावर पिवळाधमक डाग. मंडळातल्या बायका गोळा झाल्या. श्यामलाताईंनी चहूकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"सीमा, बघ ना गं! काय लावू याला? तुला माहीत असेल. म्हणजे, तुमच्याकडे..."

माझे सासरे पोस्टात होते. त्यांच्या वडिलांनंतर आमच्या घरात दुसऱ्याचं कापड कोणी धुतलेलं नाही. मी तर माझ्या साड्याही ड्रायक्लीनला देते.

"मला नाही बाई येत," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "व्याह्यांना विचारा की. आता तुमच्या घरातच परीट आलेत."

श्यामलाताईंचा चेहरा उतरला.

"हळू बोल गं," त्या पुटपुटल्या.

"घाबरता कशाला? इंग्रजांना नाही कळत. आपल्या लोकांना कळतं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. श्यामलाताई हाताने डाग झाकून बसून राहिल्या. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. मी वर दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

संध्याकाळी मेडनहेड स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या मी समरला फोन लावला. तो ग्लासगोत ड्यूटीवर होता. स्पीकरवर टाकून मी त्याला सगळं रंगवून सांगितलं.

"आई, तू खरंच असं बोलली?" तो हसत सुटला. इतकं मोकळं हसणं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. "सगळी आंटीजच्या समोर?"

"सगळ्यांसमोर! आता कोणाची बिशाद आहे? मग, लावतोस का परत परीट?"

मागे वॉर्डातली गडबड ऐकू येत होती. मी थांबले.

"डॉक्टर अतुल?" तिकडून नर्सने हाक मारली. "डॉक्टर अतुल, क्विक, प्लीज!"

"कमिंग," समर म्हणाला. "आई, जातो मी हं."

माझ्या शेजारी बसलेल्या अतुलने हाकेसरशी मान वर केली होती.

"तुम्हाला नाही हो," मी म्हटलं आणि फोन पर्समध्ये ठेवला.