निरोप मिळाल्यावर कामाला आलेला मोडेम

मी मोडेम बोलतोय. बोटभर लांबीचा, पोटात सिमकार्ड सांभाळणारा आणि लॅपटॉपच्या कुशीला चिकटून त्याला इंटरनेट पुरवणारा.

मला घडवणाऱ्यांनी एक विचित्र शिस्त लावली होती. कुठेही गेलो, की आधी डिस्क म्हणून पुढे व्हायचे. त्या डिस्कमधला प्रोग्रॅम चालला, की मगच मोडेमचे रूप धारण करायचे. तो प्रोग्रॅम दुसऱ्याच प्रणालीसाठी लिहिलेला होता, आणि मी येऊन पडलो लिनक्स नावाच्या प्रणालीच्या घरी.

घर एका खलाशाचे. त्याच्या धाकट्या भावाने वहिनीच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले होते. म्हाताऱ्या यंत्राला हलका आहारच मानवतो, असे त्याचे मत. त्या दुपारी खलाशाचे जहाज दूरच्या एका बंदरात होते आणि संध्याकाळी सुटणार होते. त्याची लेक छोटी नुकतीच चालू लागली होती. खलाशाने ते फोनवर ऐकले होते. पाहायचे मात्र राहिले होते. पुढचे बंदर येईपर्यंत ती धावू लागली असती.

दीर मला खोचायचा, पडद्यावर डिस्कचे चित्र उमटायचे, तो वैतागून मला उपटायचा. आहार हलका आहे खरा, पण पचत काहीच नाही, असे वहिनीने ऐकवून झाले. मी चांगलाच तापलो होतो. शेवटी तिलाच माझी कणव आली.

“भावोजी, असं हिसकू नका त्याला. काढायचंच असेल तर रीतसर काढा.”

तो ओशाळला. डिस्क बाहेर काढण्याच्या खुणेवर त्याने टिचकी मारली, चित्र मावळले. त्याने हात पुढे केला, तोच वहिनीने त्याचे मनगट धरले.

“थांबा. दिवा बघा.”

माझा दिवा हिरवा झाला होता. डिस्कला रीतसर निरोप मिळताच ते सोंग उतरले आणि मी मोडेम झालो.

थोड्या वेळाने पडद्यावर खलाशी दिसला. छोटीने खुर्चीचा पाय सोडला, डगमगत निघाली आणि दोन्ही तळवे थेट पडद्यावर टेकवून उभी राहिली. पलीकडून त्यानेही आपला तळवा पुढे केला.

“माझ्याकडेच आली की गं,” तो म्हणाला.

आता छोटी शाळेत जाते आणि सारे फोनमध्येच मावते. मी दोऱ्याच्या रिळांशेजारी खणात असतो. परवा आवराआवरीत तिने मला टाकायच्या ढिगात ठेवले. वहिनीने उचलून पुन्हा खणात ठेवले.

कधीतरी मलाही जावे लागेल. त्याबद्दल तक्रार नाही. विनंती एवढीच, की हिसकून काढू नका. आधी सांगा, आणि सांगितल्यावर हात लावण्यापूर्वी क्षणभर दिव्याकडे बघा.