पडद्यावरचं ‘ठीक’

हर्षानं तुळसाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आतला भाग पार पांढरा पडलेला. सातवा महिना चालू, आणि बाई भाताच्या शेतात रोवणी करता करता बांधीतून चिखलाच्या पायांनी सरळ उपकेंद्रात आलेली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ. हर्षा गावची नर्स. तिनं आकडा तिथल्या तिथं तालुक्याच्या ऑनलाइन शीटमध्ये भरला. सातच्या खाली असलेल्या गरोदर बाईला न्यायला तालुक्याहून गाडी येते, भंडाऱ्याला रक्त चढवतात.

“रोवन्याले जाऊ नको. घरीच राह्य, गाडी येईन,” तिनं तुळसाला बजावलं.

गाडी आली नाही. हर्षानं तालुक्याला फोन केला, तर उत्तर मिळालं, “यादीत नाव नाही.” पुन्हा केला, तेच उत्तर. मग एका सकाळी तुळसाचा नवरा जागेश्वर दारात उभा. “मॅडम, तुळसा चुलीपाशी चक्कर येऊन पडली. आता कोनाची वाट पाहाची?”

हर्षानं गावातला ऑटो बोलावला, सोबत गावची आशा कार्यकर्ती दिली, तुळसा-जागेश्वरला भंडाऱ्याला रवाना केलं आणि स्वतः तालुक्याची बस धरली.

तालुका आरोग्य ऑफिसात कॉम्प्युटरवर शीट सांभाळणारा प्रितम होता. त्यानं शीट उघडली. तुळसाच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘ठीक’.

“मी पाच पॉइंट आठ भरलं होतं. कोनं पुसलं?”

“पुसलं नाही ताई.” प्रितमनं त्या चौकटीवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत ५.८ उमटलं. “आकडा आत जसाच्या तसा आहे. सेलच्या फॉरमॅटमध्ये अट टाकली आहे. सातच्या खालचा आकडा आला का पडद्यावर ‘ठीक’ दिसते. प्रिंटमध्ये बी.”

“अन् गाडीची यादी?”

“प्रिंट पाहूनच काढतात.”

हर्षा शीट खाली सरकवत गेली. ज्यांचं रक्त बरं होतं, त्यांचे आकडे दिसत होते. जिथं बाई मरणाच्या दारात होती, तिथं तेवढं ‘ठीक’. ओळीमागून ओळ. तिची कानशिलं तापली.

“कोनं सांगितलं हे?”

प्रितमनं तालुका आरोग्य अधिकारी साहेबांच्या केबिनकडं पाहिलं.

आत साहेब दोन डॉक्टरांसोबत चहा घेत बसले होते. हर्षाचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सिस्टर, एकही आकडा बदललेला नाही, हवं तर तपासा. फक्त दिसणं बदललंय. मागच्या महिन्यात याच आकड्यांवरून जिल्ह्याच्या बैठकीत मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं.”

“तुम्हाले उभं केलं, सर. तुळसा पडली.”

“आवाज खाली ठेवा.”

“नाही ठेवत. पोटात लेकरू असलेल्या बाईले तुम्ही ठीक म्हणून राहिले, अन् आवाज मी खाली ठेवू?”

चहाचे कप तसेच राहिले. हर्षा बाहेर आली, प्रितमच्या पडद्यावरच्या तुळसाच्या चौकटीचा आणि वरच्या पट्टीतल्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि जिल्ह्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात केबिनमधला फोन वाजला. साहेब दाराशी आले. “प्रितम, काढ ते.”

फॉरमॅट निघाला आणि ‘ठीक’च्या जागी एकेक आकडा वर आला. गाडी मागच्या शेडमध्येच उभी होती. ड्रायव्हर बाबुलाल काच पुसत होता. त्या बायांना आणायला त्याला त्या दुपारी चार गावं फिरावी लागली. एवढे दिवस ही गाडी इथंच होती, हे पाहून हर्षाचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच.

तुळसाला रक्त लागलं. ती आणि पोटातलं लेकरू, दोघंही वाचली.

पुढच्या आठवड्यात हर्षाला नोटीस आली: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. फॉरमॅटबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तिनं उत्तर लिहिलं, “माझा आवाज चढला होता, हे खरं आहे.” आणि तो कोणकोणत्या गावच्या बायांसाठी चढला होता, ती नावं त्याखाली लिहिली. माफीचा शब्द काही लिहिला नाही.