चादरीखालची घरघंटी

मित्रांनो, मी एक जुनी घरघंटी आहे. घरच्या घरी पीठ दळणारी आणि दिसायला कपाटासारखी. लोक मला कपाट समजतात, याची पूर्वी मला ऐट होती. आता त्याचीच लाज वाटते.

माझी पहिली काही वर्षं तळेगावात एका सुखवस्तू घरात गेली. तिथे मला काम कमी आणि डोक्यावर कुंड्याच जास्त. मग विजयश्रीने मला जुनी म्हणून विकत घेऊन मोशीतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. तिचा नवरा नवनाथ चाकणच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर. तो शिफ्टला गेला की ती दारावर ‘दळून मिळेल’ ही पाटी लावायची. इकडे माझ्यात गहू, तिकडे कुकरच्या शिट्ट्या, मधेच नळाला पाणी आणि तेवढ्यात दारात शेजारच्या सुरय्याभाभी दळणाचा डबा घेऊन उभ्या. विजयश्री बिचारी पिठाच्या हातांनीच गॅसकडे धावायची, तरी दूध उतू जायचंच. पण प्रत्येक दळणानंतर ती मला ब्रशने झाडायची. एकाच्या बाजरीत दुसऱ्याचा गहू गेलेला तिला खपायचा नाही. शेजारणींनी तिच्या पिठाचं कौतुक केलं की मी जरा जास्तच जोरात घरघरायचे.

नवनाथला मात्र ही घरघर सलायची. ‘माझ्या बायकोला काही करायची गरज नाही,’ असं त्याने भावकीत सांगून ठेवलं होतं. त्यामुळे गावाकडचं कुणी येणार असलं की पाटी उतरायची आणि माझ्यावर फुलाफुलांची चादर पडायची.

एकदा त्याचे वडील आबाजी धाराशिवकडून आले. सोबत शेतातली नवी ज्वारी होती. चहाचा ट्रे माझ्याच डोक्यावर ठेवला होता. सकाळी जेवताना चपातीचा तुकडा मोडून ते म्हणाले, “पोरी, पीठ लई झ्याक हाय. कुठल्या गिरणीचं गं?”

विजयश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. पीठ घरीच दळलंय हे त्याच्या तोंडून यावं, एवढंच तिला हवं होतं.

“चौकातल्या गिरणीचं, आबा,” नवनाथ म्हणाला.

तिने मान खाली घातली. चादरीखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग माझी जवारी बी तिथनंच आण की.”

झाली पंचाईत! घरात घरघंटी असताना नवनाथ अर्धी ज्वारी पिशवीत भरून, मला वळसा घालून चौकात गेला. संध्याकाळी त्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटत गेली. आधीच्या कुणाचा तरी मका त्यात मिसळला होता. आबाजींनी भाकरी उचलून न्याहाळली.

“माझी जवारी अशी फुटत न्हाई. सकाळची गिरणी ही न्हवं.”

विजयश्रीने पदराला हात पुसले, माझ्यावरचा ट्रे उचलला आणि चादर ओढून काढली.

“सकाळची ही, आबा. मीच चालवते.”

आबाजींनी एकदा माझ्याकडे, मग मुलाकडे पाहिलं. “मला का सांगितलं न्हाईस रं?”

“लाज वाटायची, आबा.”

“कशाची? हिच्या कामाची?”

विजयश्री पुन्हा तव्याकडे वळली, कारण भाकरी करपत होती. मग नवनाथच पुढे झाला. “थांब, उरलेली मी दळतो,” म्हणत त्याने माझं दार उघडलं. चाकणला मोठमोठी मशिनं चालवणारा हा माणूस माझ्यापुढे उकिडवा बसला, पीठ चाळणारी जाळी हातात घेऊन उलटसुलट फिरवत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, “विजयश्री, ही कुठं बसते गं?”

तिने तव्यापासूनच बोट दाखवलं. आबाजी खिडकीबाहेर बघू लागले. नवनाथचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं एका घरात काढूनही त्याने मला आतून कधी पाहिलं नव्हतं. पण मीही कपाट म्हणून मिरवत राहिले होते, तेव्हा मी तरी कोणत्या तोंडाने हसणार? त्याने जाळी बसवली. मग कोपऱ्यातला ब्रश घेऊन मला झाडू लागला, चुकतमाकत.

आता पाहुणे असोत वा नसोत, माझ्यावर चादर नसते. मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी घरघंटी किंवा शिलाई मशीन असेल आणि तिच्यामागे धावपळ करणारं कुणी असेल. दोघींनाही झाकून ठेवू नका. आणि जाळी कुठे बसते, ते आजच विचारून घ्या.