जोडीची पुढची सीट

“आता दुकानाची पाटी तेवढी राहिली,” स्टुलावर चढत मुलगा म्हणाला. “आई, पान्हा दे.”

आईने पान्हा दिला नाही. ती फाटकाकडे बघत होती. “दोन सायकली अजून वर आहेत.”

“असू देत की. पाटी काढली म्हणून त्या वाट चुकणार आहेत का?”

“त्या आल्या की काढ.”

मुलगा उतरला. टेबलावर आईचं ताट झाकलेलं होतं. भाड्याने दिलेली शेवटची सायकल परत येईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, हा तिचा दुकान सुरू झाल्यापासूनचा नेम. कुणाचं तरी लेकरू वर डोंगरात असताना घास उतरत नाही, एवढंच ती सांगायची.

“संध्याकाळच्या गाडीने तिघांना निघायचंय,” मुलगा म्हणाला. “आज तरी वेळेवर जेव.”

कोपऱ्यात बाबा एका घंटीला तेल देत बसले होते. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाला लागूनच त्यांचं हे दुकान. आत मोटारींना बंदी. तळ्याकडे किंवा वरच्या खिंडीकडे जायचं तर पायी, नाहीतर यांच्या सायकलवर. सायकल वर बिघडली की दुकानातून कुणीतरी जाऊन तिथेच दुरुस्त करायची, हा बाबांचा शब्द होता. मग दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. तेव्हापासून ते फाटकाच्या आत गेले नव्हते. “मी शहरात असताना वरून फोन आला तर कोण जाणार, सांग ना,” असं मुलाने विचारलं, तेव्हा दुकान बंद करून त्याच्याकडे जायला आईने होकार दिला. म्हणून तर आज ही बांधाबांध चालली होती.

आणि नेमका फोन वाजला.

सुट्टीवर आलेल्या दोघी नर्स होत्या. सकाळी हसत निघालेल्या. खिंडीत एकीची सायकल दगडावर आदळून मागचं चाक वाकडं झालं होतं, फ्रेमला अडकून फिरतच नव्हतं.

“दुसरं चाक घेऊन मी जातो,” मुलगा म्हणाला, आणि त्याची नजर रिकाम्या खुंट्यांवर गेली. सगळी सुटी चाकं त्याने सकाळीच टेम्पोत भरून दिली होती. “मग उचलून आणतो सायकल.”

“पहिली चढण उतरून दाखव खांद्यावर घेऊन,” बाबा म्हणाले. “आउट काढावा लागेल चाकाचा.”

चाकाचा आउट काढणं, म्हणजे एकेक स्पोक कमी-जास्त आवळून वाकडं चाक सरळ करणं, या घरात एकाच माणसाला जमत होतं.

बाबांनी घंटी खाली ठेवली. “अगं, जोडी काढ.”

जोडी म्हणजे दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल. हँडल, ब्रेक, सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याने फक्त पायडल मारायचं. पुढे कायम बाबा, मागे आई. एवढी वर्षं ती या डोंगरात हिंडली, पण डाव्या-उजव्या बाजूचंच काय ते पाहिलं. समोर त्यांचा घामेजलेला शर्ट.

“आई पुढे?” मुलाला हसू आवरेना. “बाजारात जाताना उतारावर उतरून ढकलत नेतेस तू सायकल.”

आईने पुढच्या सीटच्या नटात तेल सोडलं. बाबांच्या उंचीला लावलेली ती सीट कधी कुणी हलवलीच नव्हती. जोर लावल्यावर ती कुरकुरत खाली आली. तो आवाज बाबांनी ऐकला. मग हत्यारांची पिशवी गळ्यात अडकवून ते मागच्या सीटवर बसले.

पहिल्याच वळणावर दोघं झुडपात गेली. आई डावीकडे वळली आणि बाबा सवयीने उजवीकडे कलले.

“वळायच्या आधी सांगावं माणसाने,” बाबा काटे काढत म्हणाले.

“तुम्ही कधी सांगत होतात?”

“तुला माझी पाठ दिसत होती.”

“हो. तेवढीच दिसत होती.”

बाबा मोठ्याने हसले. दोन वर्षांत हे हसू तिने ऐकलं नव्हतं. मनातल्या मनात तिने देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

“डावं,” ती म्हणू लागली. “आता दगड. आता चढ, दमाने घ्या.” तिच्या शब्दासरशी मागून जोर येऊ लागला. पाण्याचा आवाज आला तसे बाबा म्हणाले, “ओढा आला. इथे उजवीकडची कड धर, डावी खचलेली आहे.” ती खरोखरच खचलेली होती. मग झाडं संपली आणि अख्खं तळं तिच्यापुढे उघडं पडलं. पायडल मारायचं विसरून ती बघत राहिली.

“अहो, हे इतकं मोठं आहे हे कधी बोलला नाहीत.”

“मला वाटायचं, तूही बघतेयस.”

खिंडीत पोचल्यावर नर्सबाईंनी बाबांचे डोळे पाहिले आणि एकमेकींकडे बघितलं. बाबांनी सायकल उलटी करून मागितली. ते एकेक स्पोक बोटाने छेडून ऐकत गेले. कुठे अर्धा आटा आवळला, कुठे ढिला सोडला.

“न बघता कसं हो जमतं?” जाड चष्म्याच्या नर्सने विचारलं.

“तुम्ही नाडी बघता की हात लावता?”

तिला हसू फुटलं. थोड्या वेळाने बाबांनी चाकाला टिचकी दिली. ते फ्रेमला कुठेही न घासता फिरत राहिलं, आणि दोघींनी टाळ्या वाजवल्या.

उतरताना नर्सबाई पुढे, जोडी मागे. वळणावळणाला आई ब्रेक लावत आली. शेवटचा सरळ उतार आला आणि तिने बोटं सोडून दिली.

“ब्रेक सोडलास?” वाऱ्यातून बाबा ओरडले.

“हो.”

“समोर काय आहे?”

“तुमच्या समोर माझी पाठ आहे. गप्प बसा.”

मागच्या दांडीवरचे दोन्ही हात बाबांनी उचलले आणि आडवे पसरले. तसेच ते फाटकातून बाहेर आले. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. नर्सबाईंनी सायकली थांबवून घंट्या वाजवल्या. दुकानाच्या दारात मुलगा उभा होता. त्याच्यामागे बांधलेल्या खोक्यांची रांग होती.

“आता वाढ मला,” आई त्याला म्हणाली. “दोघांनाही वाढ.”

त्याने वाढलं. गाडीची वेळ झाली, पण तो विषय त्यानेही काढला नाही आणि कुणी विचारलंही नाही. आई अगदी शांतपणे, भूक लागलेल्या माणसासारखी जेवली.

मुलगा पान्हा घेऊन बाहेर गेला. पाटीखालचं स्टूल त्याने बाजूला सारलं आणि तो जोडीपाशी गेला.

“ही पुढची सीट पुन्हा बाबांच्या मापाला वर करू?” त्याने तिथूनच विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घास गिळला.

“राहू दे तिथेच,” ते म्हणाले.

“मग नट नीट आवळतो,” मुलगा म्हणाला, आणि जमिनीवर गुडघा टेकून बसला.