टाकीजवळ थांबणारी गाडी

हुडकेश्वर रोडवर पाण्याच्या टाकीजवळ एक वळण आहे. एरवी तिथे पानठेला, उसाच्या रसाचा ठेला आणि सावलीला बसलेली दोन कुत्री, एवढीच काय ती वर्दळ. पण त्या रविवारी सकाळी नऊलाच दीडशे माणसं गोळा झाली होती. बाया छत्र्या धरून उभ्या होत्या. रसवाल्या गोपाळरावांनी चरक आधीच फिरवायला घेतला होता. चमत्कार पाहून माणसाला तहान लागते, हे त्यांना तीन रविवारांच्या अनुभवाने कळलं होतं.

"आली, आली!"

मोतिया रंगाची छोटी गाडी संथपणे वळणावर आली. बोनेटवर झेंडूचा हार होता आणि काचेवर कुंकवाचं बोट. गाडी भूपेश चालवत होता. त्याच्या शेजारी मधुसूदन महाराज: भगवी लुंगी, काळा गॉगल, गळ्यात रुद्राक्ष आणि मांडीवर दोन मोबाईल. मागच्या सीटवर प्रेमिला बसली होती. गाडी तिच्या नवऱ्याची, मधुकररावांची. ते याच वळणावर, याच गाडीत गेले, त्याला दोन महिने होत आले होते.

"सब शांत!" महाराजांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "आत्मा येऊन राहिला. भूपेश बेटा, उभी कर. उजवा पाय ब्रेकवर राहू दे, तो धरतीमायचा पाय आहे. आता न्यूट्रल. डावा पाय उचल, आत्म्यासमोर डावा पाय चालत नाही. आता हात जोड. मधुकरराव, हाजीर व्हा!"

आणि इंजिन बंद पडलं. चावीला कोणी हात लावला नव्हता. गर्दीतून एकदम श्वास ओढल्यासारखा आवाज आला. दोनतीन बायांनी रस्त्यावरूनच पदर पसरून नमस्कार केला.

महाराजांनी डॅशबोर्डाला कान लावला. "बोला, मधुकरराव. हं... हं... पाहा लोकहो, आत्मा म्हन्ते, मायी एक गोष्ट अधुरी राहिली. सांगायचं होतं, सांगता नाही आलं. ठीक आहे, आता जा. भूपेश, गिअर टाक, त्याईले वाट दे."

भूपेशने गिअर टाकायला पाय हलवला, आणि इंजिन आपोआप सुरू झालं.

"मधुकरराव की जय!" गर्दी ओरडली.

प्रेमिला मागे बसून समोरच्या सीटच्या शिवणीकडे पाहत होती. शिवण सरळ होती. तिच्या मनात तेवढंच आलं.

मधुकरराव जानेवारीत गेले, तेव्हापासून ती अशीच होती. रडणं आलं नव्हतं. एकदा तव्यावर बोट टेकलं, ते तिला जळल्याच्या वासाने कळलं. कोणी चहा हातात दिला तर ती कप धरून बसायची; चहा निवून साय धरायची. तिची मुलगी अपेक्षा कप काढून घ्यायची आणि काही न बोलता दुसरा ठेवायची.

मधुकरराव उमरेडच्या विणकराच्या घरातले. घरचे माग बंद पडल्यावर ते नागपुरात सुताच्या दुकानात कामाला लागले. अपेक्षा धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये शिकवायला जायची. तिच्या बसच्या वाऱ्या आणि नागपूरचं ऊन पाहून त्यांनी दसऱ्याला ही गाडी घेतली. लीटरला बावीस-तेवीस किलोमीटर देते, गल्लीत वळते, हाच त्यांचा हिशेब. ते असताना प्रेमिला त्यात तीनदाच बसली होती.

त्या सकाळी ते म्हणाले होते, "छातीत दाबल्यासारखं होऊन राहिलं वं." ती पोळ्या लाटत होती. वळूनही न पाहता म्हणाली, "पित्त असन. सोडा घ्या." त्यांनी सोडा घेतला आणि निघाले. वळणावर गाडी नीट कडेला लावली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, आणि गेले. लोकांनी दार उघडलं तेव्हा चावी चालू होती आणि इंजिन बंद होतं. या गोष्टीची मग चर्चा झाली.

महिन्याभराने पुतण्या भूपेश फुलं वाहायला गाडी घेऊन वळणावर आला. थांबून, न्यूट्रल करून त्याने हात जोडले, आणि गाडी बंद पडली. तो घाबरून घरी आला. शेजारच्या वच्छलाबाईंनी त्याच संध्याकाळी मधुसूदन महाराजांना आणलं. महाराजांनी गाडीभोवती फिरून, वाकून, आत डोकावून सगळं पाहिलं. मग डोळे मिटले. "अशीच गाडी मायाकडं एका शिष्यापाशी आहे," ते म्हणाले, "पन तिच्यात आत्मा नाही."

तेव्हापासून दर रविवार. आधी वस्तीला पाच प्रदक्षिणा, मग वळण. एसी बंद, कारण आत्म्याला थंड हवा सोसत नाही. तिसऱ्या रविवारी निकाल लागला: गाडी आश्रमाला अर्पण करायची, नाहीतर मधुकरराव इथेच अडकून पडतील आणि पोरीचं लग्न होणार नाही.

प्रेमिला "बरं" म्हणाली होती. एक गोष्ट सांगायची राहिली, असं महाराज म्हणाले तेव्हा ती गोष्ट कोणती, हे तिला एकटीला माहीत होतं. त्यांना विचारायचं असणार, तू वळून काहून नाही पाहिलं. गाडी गेली तर विचारणं थांबेल. थांबेल की नाही, याचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं.

"आज शेवटची हाजिरी झाली," महाराज गाडीतून उतरत म्हणाले. "चावी आना."

"एक मिनिट, महाराज." गर्दीतून अपेक्षा पुढे आली. तिच्याबरोबर एक चाळिशीची बाई होती, डोक्यावर टोपी, पायात बूट. "ह्या ऋतुजा मॅडम. जरीपटक्याले बायांसाठी ड्रायव्हिंग क्लास चालवतात. मी त्यांच्याकडं गाडी शिकून राहिली. त्याईले ही गाडी एकदा चालवू द्या."

"बाईच्या हाताले आत्मा येत नाही."

"काहून? जिवंत होते तेव्हा तं बाईच्याच हातचं जेवत होते," अपेक्षा म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं. "चालवू द्या ना जी, पाहू तं," गोपाळराव ठेल्यावरून ओरडले. भूपेश खाली उतरला. ऋतुजा मॅडम बसल्या, त्यांनी सीट पुढे ओढली आणि आरशात पाहिलं. प्रेमिला मागे तशीच बसली होती.

"ताई, बसा तुम्ही. घाबरू नका."

"मी नाही घाबरत," प्रेमिला म्हणाली. ते खरंच होतं.

गाडी पन्नास पावलं पुढे गेली आणि रसाच्या ठेल्यासमोर थांबली. न्यूट्रल. डावा पाय वर. इंजिन बंद.

ऋतुजा मॅडमनी काच खाली केली. "इथं कोन वारलं होतं, भाऊ?"

"ओ मॅडम, मी जिवंत आहो!" गोपाळराव चरक सोडून मागे सरले. लोक हसले. मग गाडी शाळेच्या फाटकासमोर बंद पडली आणि सुरू झाली. मग उघड्या नालीसमोर. आता गर्दी गाडीमागे चालत होती, आणि जयजयकार कोणी करत नव्हतं. शेवटी गाडी पुन्हा टाकीजवळ आली. या वेळी मॅडमनी क्लच दाबूनच ठेवला. इंजिन चालू राहिलं. अर्धा मिनिट, एक मिनिट. कोणी हात जोडले तरी ते चालूच होतं.

"मधुकरराव आज सुट्टीवर दिसतात," कोणीतरी म्हणालं. ऋतुजा मॅडमनी आरशात प्रेमिलाकडे पाहिलं. "माफ करा, ताई."

प्रेमिलाने मान हलवली.

मॅडम खाली उतरल्या. "ऐका. ही सोय कंपनीनंच दिलेली आहे, पेट्रोल वाचावं म्हणून. सिग्नलले गाडी उभी असते तेव्हा इंजिन फुकट चालते. म्हणून गाडी थांबली, न्यूट्रल केली आणि क्लचवरून पाय काढला, की इंजिन आपोआप बंद होते. क्लच दाबला की पुन्हा सुरू. क्लच डाव्या पायाखाली असतो. महाराज डावा पाय उचलायले काहून सांगतात, समजलं?"

भूपेशच्या तोंडचं पाणी पळालं. "पन मॅडम, सिग्नलले तं कधी बंद नाही पडली."

"तुम्ही आधी काय चालवत होते?"

"टेम्पो."

"आणि सिग्नलले क्लच दाबून, पहिला गिअर टाकूनच उभे राहता. हो ना? इथं तेवढा नमस्काराले पाय उचलला. इंजिन थंड असलं तर ही सोय चालत नाही, म्हणून आधी पाच प्रदक्षिणा. एसी जोरात असला तरी चालत नाही, म्हणून आत्म्याले थंडी वाजते!"

"बोलनं सोपं आहे!" महाराजांचा गॉगल घसरला होता. "कंपनीले बुद्धी कोनं देल्ली? हे लिहिलं आहे का कुठी?"

"लिहिलं असते. गाडीच्या पुस्तकात. ताई, समोरच्या खणात असन पाहा."

प्रेमिला उतरली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. तिने खण उघडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडसर इंग्रजी पुस्तक होतं. एका पानाला सुताचा धागा लावलेला होता. त्या पानावर एका परिच्छेदाखाली शिसपेन्सिलीने रेघ होती, आणि समासात मधुकररावांचं अक्षर.

"वाच ना आई," अपेक्षा हळूच म्हणाली.

प्रेमिलाने वाचलं. बाजाराची यादी वाचावी तशा आवाजात. "लाल दिव्याला इंजिन आपोआप बंद होते. बिघाड नाही. क्लच दाबला की सुरू. प्रेमिलाला सांगणे, नाहीतर घाबरेल."

महाराज गर्दीतून मागे सरकत होते. थोड्या वेळाने एका शिष्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तिकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

"एवढंच सांगायचं राहिलं होतं त्याईचं," प्रेमिला म्हणाली. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. डोळे कोरडेच होते. मग ती गाडीतून उतरली आणि लोकांसमोर उभी राहिली.

"आता मायं ऐका. ते असेच नाही गेले. सकाळी छातीत दाबते म्हणून सांगतलं होतं त्याईनं मले. मी पित्त म्हटलं. सोडा देल्ला. दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे. गाडी दारात उभी होती. अपेक्षा घरी होती. महिनाभर तुम्ही सगळे गाडी काहून थांबते, ते पाहून राहिले. मीबी पाहून राहिली. मानूस काहून थांबला, हे कोनी विचारलं नाही. मले तं बरंच झालं. आत्मा म्हटलं की मायी चूक झाकून जाते. पन ती झाकली तं उद्या दुसऱ्या कोनाच्या घरी होईल. कोनी काहीबी सांगो, पहिले विचारा, हे कसं झालं? दुसऱ्या जागी होते का? करून पाहा. आन छातीत दुखलं तं महाराजाले बोलवू नका, डॉक्टरले दाखवा."

लोक हळूहळू पांगू लागले. काही बाया प्रेमिलाच्या दंडाला हात लावून गेल्या. भूपेश बोनेटवरचा हार काढत होता; तो कुठे ठेवावा, हे त्याला सुचत नव्हतं.

वच्छलाबाई मात्र गेल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा पानठेल्याकडे पाहत होत्या. तिथल्या बाकावर त्यांचे यजमान बाबनराव बसले होते. सावलीत असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता, तो उन्हाचा वाटत नव्हता. ते उजव्या हाताने डावा खांदा चोळत होते.

"काय झालं जी त्याईले?" प्रेमिलाने विचारलं.

"काही नाही वं. रात्री भजे खाल्ले होते," वच्छलाबाई घाईने म्हणाल्या. "सकाळपासून छातीत भरल्यासारखं होऊन राहिलं म्हन्तात. पित्त आहे."

प्रेमिलाने त्यांच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी तिने कोणाकडे तरी नीट पाहिलं होतं.

"मीबी हेच म्हटलं होतं, वच्छलाबाई," ती म्हणाली आणि गाडीचं मागचं दार उघडलं. "भूपेश, हात दे त्याईले. अपेक्षा, मॅडमले म्हन, गाडी काढा."