सोळा भाज्यांची पैज

“अव्वा, पंधराच होतायत!” चुलीपुढं बसलेल्या काव्यानं तिसऱ्यांदा बोटांवर भाज्या मोजल्या.

“सोळा हायत. नीट मोज की,” म्हणत दाक्षायणी हातातला विळा तसाच घेऊन परसात पळाली.

नुकतं कुठं फटफटत होतं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. पण दाक्षायणीला थंडी वाजायलाही सवड नव्हती. पावट्याच्या वेलाखालून वाकून ती पलीकडं गेली, हौदामागं हात घातला आणि दवानं भिजलेली चुक्याची जुडी घेऊन आली.

“हे धर सोळावं. हौदामागं कोन बघनार, तू?”

काव्या यंदा दहावीला होती. पण आईच्या परसात काय काय लपलंय याचा पेपर काढला असता तर ती सपशेल नापास झाली असती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. अक्कलकोटच्या अंगाला त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं शेतात जेवतात. कडब्याची कोप उभी करायची, कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग भज्जीवर आडवा हात मारायचा. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हं. रानात जे जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात शिजवून, चिंच आणि डाळीचं पीठ लावून केलेलं ते दाट कालवण. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबट आंबील.

पण यंदा दाक्षायणीच्या नवऱ्याच्या, सिद्धप्पाच्या रानात हिरवं म्हणजे नुसता ऊस. चारी एकर ऊस. आणि उसाची काही भज्जी होत नाही.

भानगड तिथूनच सुरू झाली. ऊस आला तशी ट्रॉली आली. ट्रॉली आली तशी ती बोळात उभी राहायला लागली आणि येणारा-जाणारा शिव्या देऊ लागला. मग सिद्धप्पाची नजर घरामागच्या परसाकडं वळली. “हितं शिमिटाचा कोबा घालू या,” तो दसऱ्याआधी म्हणाला. “ट्रॉली आत बसंल. भाजी काय, बाजारात ढिगानं मिळतीय.”

दाक्षायणी तेव्हा उभ्यानंच भाकरी खात होती. ती नेहमी उभ्यानंच खायची. या बाईला बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ते फक्त एसटीत. लग्नाकार्यात अक्षता पडल्या रे पडल्या की ही घरी यायला निघायची, का, तर वेलाला मांडव कमी पडतोय. एकवीस वर्षांपूर्वी, नवी नवरी असताना, न्हाणीचं पाणी नुसतंच वाहून जातंय हे तिला बघवेना, म्हणून तिनं चार वांगी लावली. तेवढ्या पाण्यावर पुढं अख्खा संसार उगवला: वाल, घेवडा, मेथी, शेपू, लसूण, गाजर, बांधाकडेला तूर, सिमेंटच्या पोत्यात हरभरा.

घास गिळून ती म्हणाली, “येळवशीची भज्जी मी माझ्या परसातल्या सोळा जिनसांची करते. एक जरी बाजारची निघाली तर घाला कोबा. मी सोता उपटून देते.”

“आन न्हाय निघाली तर?”

“तर ट्रॉली डोक्यावर घेऊन हिंडा.”

सगळं घर हसलं. सिद्धप्पाही हसला. पण शब्द गेला तो गेला.

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मावा किडीवर राख, पोपटांसाठी फाटक्या साडीच्या झालरी, शेजारच्या शेळीसाठी दगडांचा ढीग. अडीच महिने हेच. आणि आज सोळाच्या सोळा भाज्या पातेल्यात पडल्या होत्या!

आठ वाजता सोलापूरहून धाकटा दीर पंचाक्षरी आणि जाऊ सोनाली आले. सोनालीचं माहेर नव्या पेठेतलं, कापडाच्या दुकानाचं. बोलायला गोड, कामाला पुढं. “अक्का, तुम्ही अंघोळीला जा. नैवेद्य पारोशानं न्यायचा का? मी बघते चुलीकडं.”

दाक्षायणी अंघोळीला गेली. काव्या कोपीसाठी शेजाऱ्याकडं कडबा मागायला गेली, कारण यंदा घरचा कडबाही नव्हता.

दाक्षायणी ओल्या केसांनी परत आली, झाकण काढलं, डाव फिरवला आणि हात थांबला.

वाल चपटा असतो. तूर बारीक. हरभऱ्याला टोक. मग हे गोल गोल काय वर येतंय?

“वाटाणे!” सोनाली खुशीत म्हणाली. “मीच घातले. येताना मंडईतून घेतले, सोलूनच आणले. वीस माणसं आणि एवढंसं पातेलं, कमी पडलं तर घराची शोभा होईल ना अक्का!”

पेंड्या घेऊन दारात आलेल्या काव्याच्या हातातून कडबा पडला. “काकू, अगं काय केलंस!”

सोनालीला पैज ठाऊकच नव्हती. दाक्षायणीनं लेकीला डोळ्यांनी गप्प केलं आणि म्हणाली, “बरं केलंस गं. जा, साडी बदल.”

सोनालीची पाठ वळताच तिनं ताटली घेतली आणि वाटाणे वेचायला लागली. एक, दोन, पाच, अकरा. बोटं भाजली. अकरा काढले तर बावीस वर आले. पीठ लागलेल्या कालवणातून वाटाणे वेचायचे म्हणजे वाळवंटातून मोहरी निवडायची.

“अव्वा, ऱ्हाऊ दे,” काव्या कुजबुजली. “कुनाला कळनार न्हाय. आन त्या पाच दगडांना डोळे कुटं हायत?”

दाक्षायणीला हसू आलं. पण ते ओठांपर्यंतच आलं.

शेताची वाट दीड मैलाची. पातेल्याची पाटी डोक्यावर घेऊन दाक्षायणी इतकी भरभर चालली की मागच्यांना पळावं लागलं. चालताना मनात एकच: सांगावं, का नको? एकवीस वर्षं एका बाजूला आणि मूठभर वाटाणे दुसऱ्या बाजूला. बोलले नाही तर वाफे राहतील. आपण वाफ्यात वाकलो की मग रोज काय आठवेल?

उसाच्या कडेला बांधावर कोप उभी राहिली. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, पंगत बसली. गावचा गवंडी सयाजीही पंगतीला होता. येळवशीला वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात, तो तर सिद्धप्पाचा दोस्तच.

सिद्धप्पानं तीनदा भज्जी घेतली. तोंडानं “साकु, साकु” म्हणजे पुरे पुरे म्हणायचा आणि ताट मात्र पुढं करायचा. शेवटी हात चाटत मोठ्यानं म्हणाला, “हरलो बाबा! सोळाच्या सोळा. लई भारी झालीय. कोबा रद्द!”

“म्हंजे माजं काम गेलं की!” सयाजी म्हणाला, आणि पंगत हसली.

डाव घेऊन दाक्षायणी मध्येच उभी होती. काव्या तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होती: अव्वा, नको. नको.

“सोळा न्हाय,” दाक्षायणी म्हणाली. “सतरा हायत. वाटाना बाजारचा हाय.”

सोनालीच्या हातातला उंडा तसाच राहिला.

“कुनी घातला?” सिद्धप्पानं विचारलं.

“माज्या पातेल्यात हाय म्हंजे मीच की.”

“अगं, मूठभर वाटान्यानं काय हुतंय? सोड.”

“पैज मी लावली हुती,” ती म्हणाली आणि सयाजीच्या ताटात डावभर भज्जी वाढली. “दादा, परवा या. उद्याचा दिवस मला लागंल.”

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं उपटलं. वांग्यामिरच्यांची कोवळी रोपं मातीच्या गोळ्यासकट ओळखीच्या बायकांना वाटली, प्रत्येकीला “उन्हात लावू नको गं” असं बजावून. वेल त्या चोरट्या शेळीपुढं टाकले. सिद्धप्पा पावलांनी जागा मोजत आला. “ह्यो कोपरा ऱ्हाऊ दे. दोन हात हाय.”

“ट्रॉली वळवायला लागतोय त्यो,” ती म्हणाली. खरंच लागत होता.

काव्या दिवसभर परसाकडं फिरकली नाही.

ठरल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी सयाजी आला. संध्याकाळपर्यंत परस गुळगुळीत, करडं झालं. थापी धुता धुता तो म्हणाला, “वैनी, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पानी मारा. न्हायतर भेगा पडत्यात.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच दाक्षायणी न्हाणीतून कळशी भरून आली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक वीतही कोरडी न ठेवता, तिनं कोब्यावर पाणी घातलं. मग सवयीनं खाली वाकली आणि पाणी मुरलं का बघायला बोट टेकवलं.